आवाज हाय, चित्र न्हाई

"आवाज हाय, चित्र न्हाई," फोनवर रामकिशन सर म्हणाले आणि जलीलनं कपाळाला हात लावला.

तिसरा रविवार. तोच टीव्ही, तेच वाक्य.

"सर, टीव्ही दुकानात आणून टाका ना. एकदा सगळा खोलून बघतो."

"न्हाई, न्हाई. तुम्हीच या. हितंच करा."

समोर सुलतानबी बुरखा घालून, पिशवी भरून तयार बसली होती. तिला उदगीरला माहेरी न्यायचं दर रविवारी ठरायचं आणि दर रविवारी हा फोन यायचा. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पिशवी परत खुंटीला लावली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर जलीलला बरं वाटलं असतं.

भूकंपाच्या साली पत्र्याच्या शेडांमधले रेडिओ नीट करता करता जलीलचा हात या धंद्यात बसला होता. तेव्हापासून लातुरातल्या निम्म्या घरांतले टीव्ही त्यानं उघडले असतील. पण एकाच डब्यानं असा छळ कधी मांडला नव्हता.

रामकिशन सर उमरीला शाळेत शिकवायचे. मुलगी गीतांजली डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिच्या क्लाससाठी बायको रुक्मिणबाई आणि ती लातुरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहत होत्या. सर शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचे आणि रविवारी सकाळी जलीलला फोन लावायचे.

पहिल्या रविवारी बिघाड खरा होता. बातम्यांचा आवाज खणखणीत, पडदा काळाकुट्ट. जलीलनं खिडकी लावून घेतली. सरांनी टीव्ही दोन्ही हातांनी धरला होता, रुक्मिणबाईंचे हात कणकेत होते. कोपऱ्यात पुस्तकात डोकं घालून पोरगी बसली होती.

"बेटा, जरा बॅटरी धर."

"तिला नका सांगू," रुक्मिणबाई घाईनं म्हणाल्या. "दोनदा परीक्षेत नंबर हुकला. चार महिने झाले, कुणाशी एक शब्द बोलत न्हाई."

पण पोरगी उठली. जलीलनं सांगितलं तशी तिनं बॅटरी पडद्यावर तिरपी धरली. काळ्या काचेत बातम्या देणाऱ्या बाईचा पुसट चेहरा दिसला.

"चाचा, चित्र तर आहे!"

"हाव. चित्र जिथल्या तिथं हाय. मागचा उजेड गेला."

गादीवर टीव्ही पालथा घालून त्यानं सगळा उघडला. आतल्या पट्टीवरच्या बारीक दिव्यांपैकी एक जळून काळा पडला होता.

"एकच गेला. मग सगळे का बंद पडले?"

"एकामागं एक जोडलेत म्हणून."

"म्हणजे सिरीजमध्ये," ती म्हणाली आणि प्रश्नावर प्रश्न विचारत सुटली. रुक्मिणबाई दारात कणकेच्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. सर तर टीव्हीच्या आत डोकंच घालून विचारत बसले. ही वायर कुठं जाते, ती पिन कशाची, हा स्क्रू कशाचा. जलील मनातल्या मनात चिडला. माल बदलून नेतो की काय, अशी पाळत ठेवणारं गिऱ्हाईक त्याला मुळीच खपत नसे.

त्यानं नवी पट्टी बसवली. पडदा लख्ख उजळला.

दुसऱ्या रविवारी तो नव्या पट्टीला शिव्या देत जिना चढला. घंटाभर एकेक दिवा तपासला. सगळे ठणठणीत. शेवटी गीतांजलीनंच बोट दाखवलं. बोर्डावरून पट्टीकडं जाणारी पिन अर्धी निघाली होती.

"चाचा, तुम्ही तर नापास!" ती खळखळून हसली.

"बंद पडला तर पडू द्या त्यो डबा," रुक्मिणबाई चहा ठेवत म्हणाल्या. "अभ्यासाच्या घरात कशाला पायजे?"

पिन आपल्याच हातून ढिली राहिली असेल, असं म्हणून जलीलनं स्वतःला दोष दिला आणि ती खटकन दाबून बसवली.

आणि आज तिसऱ्यांदा त्यानं झाकण उघडलं. पिन पूर्ण निघून लोंबत होती. तिला बाजूनं पकड असते; परत भूकंप झाला तरी ती आपोआप निघायची नाही. मागच्या एका स्क्रूची खाच सुरीनं खरवडल्यासारखी दिसत होती. त्यानं रुक्मिणबाईंकडं पाहिलं. त्या भाजी चिरत होत्या. सुरी त्यांच्याच हातात होती.

पोरीसमोर तमाशा नको म्हणून तो परत पिनेकडं वळला. गीतांजली शेजारी बॅटरी धरून बोलत होती. क्लासातल्या सरांची नक्कल करत होती, एक अडलेलं गणित त्याला समजावून सांगत होती. जलीलनं हूं हूं करत पिन बसवली. उजेड आला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. बॅटरी बंद करून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

टीव्ही चालू झाला की गिऱ्हाईक खुलतं. रामकिशन सरांचं तोंड मात्र उतरलं. ते जलीलला सोडायला जिन्यापर्यंत आले. तिथं जलीलचा बांध फुटला.

"सर, राग मानू नका. पिन कुणीतरी हातानं काढून राहिलंय. वहिनींना टीव्ही नको असंल तर डिश काढून टाका, इकून टाका. पण माझा इतवार का खराब करून राहिलेत? घरात बायको तोंड फिरवून बसलीय. अन् झाकणाच्या आत करंट हाय. एखाद दिवशी जीव जाईल त्यांचा."

सरांनी मागं वळून आतल्या बंद दाराकडं पाहिलं. मग दोन पायऱ्या उतरून ते जलीलच्या अगदी जवळ आले.

"बायकोला काय बी म्हणू नका, जलीलभाई," ते हळूच म्हणाले. "पिन काढली की तुम्ही घंटाभरात उठता. दिवसभर लागंल असं काय काढून ठेवावं, तेवढं मला शिकवा."