सहा वर्षांपूर्वीची फिल्म

"जुनं दुखणं आहे," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "भरपाई मिळत नाही."

बाईचं डोकंच फिरलं. नवरा गोदामात पेट्या उतरवताना शिडीवरून पडला, चार जणांच्या देखत, आणि हे म्हणे जुनं दुखणं. ऑपरेशन झालं नाही तर माणूस कायमचा आडवा होणार, याचं इथं कुणाला काही आहे का?

"अहो, बारा वर्षं नोकरी केली, यांनी एकदा कंबर धरली नाही. विचारा माझ्या भावाला. तोही इथंच कामाला आहे."

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याला फार वेळ बसवत नसे. मघाशी आत येताना फाटकावरचं धातू शोधणारं यंत्र नेहमीसारखं त्याच्यावरच ओरडलं होतं. लहानपणी खेळताना बंदुकीचा छर्रा कमरेत घुसला तो घुसलाच, डॉक्टरांनी काढला नव्हता. एरवी त्यावर तो सगळ्यांना हसवायचा. आज नुसताच पुढे सरकला होता.

"दाजींना त्रास नव्हता," तो पुटपुटला.

"कागद वेगळंच सांगतो. सहा वर्षांपूर्वीची तपासणी, ही एक्स-रेची फिल्म, मणका झिजलेला. त्याच दिवशी तुमचीही झाली की, नोकरीत कायम करायच्या आधी. तुमचा मणका बघा, अगदी ठणठणीत."

"मग यांचा नवा एक्स-रे काढा," बाई म्हणाली. "दोन्ही शेजारी ठेवून बघा."

"काढू. पण फायलीत खोटं निघालं, तर ज्याचं खोटं तो घरी जाईल. एवढं लक्षात ठेवा."

"नको," बाकावर टेकून बसलेला नवरा म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द. "दावा मागे घेतो. कुठं सही करू?"

तिने कपाळाला हात लावला. "इतका वेळ मिठाची गुळणी धरून बसलात, आणि तोंड उघडलंत ते यासाठी? मी एकटीनेच भांडायचं का? द्या ती फिल्म इकडे. मीच बघते कसलं दुखणं ते."

तिने खिडकीशी जाऊन फिल्म उजेडात धरली. मणक्यातलं तिला काय कळणार होतं. पण कमरेच्या हाडापाशी एक पांढराशुभ्र ठिपका होता, मसुरीच्या दाण्याएवढा, गोल.

तिने वळून भावाकडे पाहिलं. तो फरशी बघत होता.

तिने फिल्म पाकिटात घातली, टेबलावरचं पेन उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"करा सही."