पिल्लूच्या गोष्टी

लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि पंख्याची नुसती घरघर. आजीनं तो दुरुस्तीवाल्यासमोर ठेवला. "नातीसाठी रोज यावर गोष्ट रेकॉर्ड करते. लेक म्हणतो, तुझी गोष्ट ऐकल्याशिवाय पिल्लू झोपतच नाही."

त्यानं थोडी खटपट केली. "आजी, क्लाउडवाल्या प्रोग्रॅमनं सगळा प्रोसेसर खाल्लाय. पहिल्याच फाइलला तुम्ही आशीर्वादासकट एवढं लांबलचक नाव दिलंय, की ती वर चढतच नाही. वर्षभर तिचीच धडपड चाललीय. तिच्या मागच्या सगळ्या गोष्टी इथंच ताटकळल्यात, लेकाकडे एकही गेलेली नाही. नाव छोटं केलं की भराभर पोचतील. करू?"

आजीनं तापलेला लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

"नको. पोचल्या, तर बिचाऱ्यांना खरंच ऐकाव्या लागतील."