आईच्या पाठीमागची भिंत
"दिल्लीवाल्यांनी अख्ख्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे केले, कुणी हूं की चूं केलं का? मग आपल्या घरात एक भिंत घालायला मला कितीसा वेळ!" काचीगुड्याचे दत्तोपंत बायकोला म्हणाले. स्वयंपाकघरामागे आईसाठी नवी खोली तयार होती. तिची चूल वेगळी, दार वेगळं. दोन्हींच्या मध्ये भिंत तेवढी राहिली होती. मिस्त्रीने चुन्याची रेघ मारली, आणि आई, चतुराबाई, सोवळं नेसून, पाट टाकून, नेमक्या रेघेवर जपाला बसल्या. "अम्मां, जरा उठो ना," मिस्त्री म्हणाला. "माझं स्वयंपाकघर सोडून मी जात नसते. शिवू नका कुणी. भिंत घालायचीय ना? माझ्या पाठीमागून घाला." दत्तोपंत नुकतेच हजामत करून आलेले, त्यांनाही शिवता येईना. "आंघोळ करून येतो, मग उचलतोच तिला!" पण नळाला पाणी नव्हतं. अम्मांच्या पाठीमागे थेट बैठकीच्या दारापर्यंत स्वयंपाकघरच होतं, आणि ते सगळंच त्यांचं, म्हणून मिस्त्रीने ते दारच विटांनी बंद केलं. बैठकीतून दत्तोपंत ओरडले, "कुसुम, कुठंयस तू?" "इकडं, सासूबाईंकडं. कढी उतू चाललीय हो!" "अगं, मग तिकडचं दार तरी उघड!" "वेगळं दार तूच केलंस ना रे," आतून आई म्हणाली, "मग कडीही माझीच." संध्याकाळी भूक लागल्यावर दत्तोपंत परसाच्या गडग्यावरून आत उतरले. धोतर सीताफळाच्या फांदीला राहिलं.