पेनड्राइव्हचा नंबर

“पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर आधी त्याचा नंबर विचारतो,” दार्सोनो म्हणाले. “मग नंबर लिहून ठेवतो. पण पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार!”

मुख्याध्यापिका हार्तिनींच्या खोलीत सहा शिक्षक उभे होते. शिक्के मारणारी ती बाई, लायब्ररीतली वुर्यानी, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण गुडघे दुखत होते.

दार्सोनो इंडोनेशियात, सुराबाया शहरातल्या त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत. म्हणजे फळ्यावर चौकोन काढत आणि पोरांना गाढव म्हणत. शिपाई बाईंना ‘बू’ आणि सरांना ‘पाक’ म्हणून सलाम करी; दार्सोनोंनी तो अकरा वर्षांत एकदाही घेतला नव्हता. आज मात्र स्वारी भलतीच खुशीत होती.

मंगळवारी सगळे दुपारच्या नमाजाला गेले असताना पेपरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला कुणीतरी पेनड्राइव्ह लावला होता. बारावीचे वार्षिक पेपर त्या कॉम्प्युटरमध्येच होते. दार्सोनोंनी त्या पेनड्राइव्हचा नंबर कागदावर उतरवून आणला होता.

“आता बघा.” त्यांनी वुर्यानीचा पेनड्राइव्ह दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तसा धरला आणि हार्तिनींच्या कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर नंबर आला. कागदावरचाच.

“अरेरे,” एक शिक्षिका म्हणाल्या.

“हिचा मुलगा बारावीत आहे,” दार्सोनो म्हणाले. “फी माफ, पुस्तकं फुकट, आता पेपरही फुकट! या लोकांना बोट दिलं की हात धरतात.”

हार्तिनींनी चष्मा काढला. “बू वुर्यानी, हे खरं असेल तर तुमची नोकरी राहत नाही. आणि गालिहलाही परीक्षेला बसता येणार नाही.”

वुर्यानीचं तोंड उतरलं. “बू, दोन वर्षांवर निवृत्ती आली माझी. पोराचं वर्ष जाईल हो.”

“ते आधी सुचायला हवं होतं,” दार्सोनो म्हणाले.

ती डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “पाक, मी अडाणी बाई. एवढंच सांगा, दुसऱ्याचा लावला तर कॉम्प्युटरला कळतं ना?”

“कळतं म्हणजे? एक काढून दुसरा लावला की लगेच नवी ओळ लिहितो. तुमच्या डोक्यापेक्षा हुशार आहे तो!”

“मग तुमचा लावून दाखवा की. म्हणजे मला पटेल तरी.”

दार्सोनो हसले. शिकवायची संधी सोडणारा माणूस नव्हे. शाळेकडून मिळणाऱ्या ईदच्या भेटीच्या परडीत बिस्किटांचा डबा, सरबताची बाटली आणि शाळेचं चिन्ह असलेला पेनड्राइव्ह यंदा सगळ्यांनाच मिळाला होता. त्यांनी खिशातून आपला काढला, तिचा उपसला आणि आपला लावला.

नवी ओळ आलीच नाही. जुनीच ओळ होती, तोच नंबर. कॉम्प्युटरच्या लेखी पेनड्राइव्ह बदललाच नव्हता.

“नीट बसला नसेल,” दार्सोनो म्हणाले. त्यांनी काढला, फुंकर मारली, परत लावला. तोच नंबर.

“माझा लावा बरं,” हार्तिनी म्हणाल्या. तोच नंबर. मग इतिहासाच्या शिक्षकांचा. तोच.

कुणीतरी फिसकन हसलं.

“स्वस्तातला माल आहे,” दार्सोनो पुटपुटले. “कारखान्यात सगळ्यांवर एकच नंबर ठोकतात.”

“स्वस्तातलेच आणा, असं सभेत कोण म्हणालं होतं?” हार्तिनींनी विचारलं. “कारकून-शिपायांना काय कळतंय म्हणे! आणि पाक, मंगळवारी त्या खोलीची किल्ली कुणाकडे होती?”

“माझ्याकडे. पण मी टेबलावर... म्हणजे...”

“म्हणजे तुमचाच पेनड्राइव्ह तुम्ही लावलात, विसरलात आणि एका गरीब बाईला चोर ठरवलंत. लाज वाटायला हवी! बू वुर्यानी, माफ करा. पेपर फुटलेला नाही. सोमवारची परीक्षा आहे त्याच पेपरांवर होईल.”

इतकी वर्षं ज्यांना गाढव म्हटलं, त्यांच्यासारखेच दार्सोनो मान खाली घालून उभे राहिले. शोभलं त्यांना.

वुर्यानी घरी पोचली तेव्हा गालिह दारातच उभा होता.

“आई, नोकरी?”

“राहिली. तुझी परीक्षाही वाचली.” तिने दाराला कडी लावली आणि सगळं सांगितलं.

“बाप रे!” तो म्हणाला. “सगळ्यांचे नंबर एकच निघाले, केवढं नशीब!”

“नशीब कसलं, डोंबल! परडीचं सामान आणायला मलाच पाठवतात ना दरवर्षी? रोज्याच्या उपाशी पोटी चार दुकानं पालथी घातली, एकेक लावून बघितला, तेव्हा कुठे एका नंबरचे सगळे मिळाले. मास्तर म्हणे! चल, गणिताचा पेपर काढ. शेवटचे दोन प्रश्न अजून चुकतायत तुझे.”