खड्डा बुजवायचा नाही

"तो रुमाल काढा आधी नाकावरचा," ती म्हणाली. "घराच्या वापरात काही अडचण नाही, असं कळवलंय तुमच्या कंपनीने. मग तुम्हाला वास कसला येतोय?"

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने रुमाल खिशात ठेवला. त्याने श्वास रोखून धरलाय हे तिला दिसत होतं. अंगण आडवं खणलेलं होतं आणि खड्ड्यात सांडपाण्याचा पाइप मधोमध फुटून पडला होता. शेजारच्या बांधकामाला विटा घेऊन आलेला ट्रक मागे घेताना अंगणात चढला, तेव्हापासूनची ही दशा. ट्रकवाला पसार झाला आणि कंपनीने क्लेम नाकारला.

नवऱ्याने तेव्हाच हात टेकले होते. "कंपनीशी कोण भांडणार? कर्ज काढू, नवा पाइप टाकू, बुजवून मोकळे होऊ." कुणी पायावर पाय दिला तर 'तुम्हाला लागलं नाही ना' असं विचारणारा माणूस तो. पण कर्जच काढायचं होतं तर इतकी वर्षं हप्ते कशाला भरले? खड्डा बुजला की पुरावाही बुजला. तिने फावडं उचलून कपाटामागे ठेवलं आणि पुन्हा सर्व्हेअर पाठवा म्हणून कंपनीचा पिच्छा पुरवला. खरं सांगायचं तर भांडायला तिला मजा यायला लागली होती.

"मागच्या वेळी तुम्ही मोरीत बादलीभर पाणी ओतलंत आणि पाइप चालू आहे असं लिहून निघालात."

"पाणी गेलं होतं ना, ताई?"

"गेलं. कुठे गेलं ते आज बघा. त्यानंतर खणलंय आम्ही."

ती आत जाऊन मोरीत बादली रिकामी करून आली. पाइपाच्या तोंडातून थेंबही आला नाही. जरा वेळाने खड्ड्याच्या कडेने, स्वयंपाकघराच्या पायाखालून, गढूळ पाणी पाझरायला लागलं. आतली फरशी उगाच खचली नव्हती.

"फुटलाय, मान्य आहे," सर्व्हेअर म्हणाला. "पण पाइप जुना होता. आमचा विमा अपघाताचा असतो, म्हातारपणाचा नाही."

"असं होय? आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. उद्या त्यांच्या अंगावरून ट्रक गेला, तर म्हातारपणाने गेल्या म्हणाल?"

खिडकीतून आवाज आला, "माझ्या अंगावर कशाला घालतेस गं ट्रक? कंपनीच्या अंगावर घाल की!"

सर्व्हेअरला हसू आवरेना. आत येऊन तो सासूबाईंच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसला आणि मांडीवर कागद घेऊन पाइपाचं वय, लांबी, व्यास असलं काय काय विचारू लागला. तिने दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले. उन्हातून आलेला तो गटागट प्यायला आणि आणखी मागून घेतलं. थोड्या वेळाने त्याची चुळबुळ सुरू झाली.

"ताई, जरा बाथरूमला जायचं होतं..."

"जा ना. वापरात काही अडचण नाही."

तो मागच्या बाजूला गेला. संडासाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि लगेच आपटल्याचाही. परत आला तेव्हा रुमाल पुन्हा नाकावर होता. तिला बरं वाटलं. लपवायचं कशाला, फारच बरं वाटलं.

"तुम्ही सगळे कुठे जाता मग?"

"शेजारी. त्यांच्या पायऱ्या चढायच्या, दार वाजवायचं आणि त्यांचं तोंड बघायचं."

त्याने सासूबाईंच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "आजी, तुम्हीसुद्धा?"

"सकाळी एकदा ही नेते धरून. सारखं सारखं कोण जाणार लोकांच्या दारात? मग दिवसभर मी पाणीच पीत नाही." भाजी महाग झाली असं सांगावं, तितक्या सहज त्या बोलल्या.

तिने वळून पाहिलं. सासूबाईंचा पेला काठोकाठ तसाच होता. रोज दुपारी असाच भरलेला पेला ती उचलून नेत होती आणि 'उन्हामुळे आईंचं खाणंपिणं सुटलंय' असं नवऱ्याला सांगत होती. तिला राग आला, कंपनीचा आणि स्वतःचाही. भांडणातली मजा कुठल्या कुठे गेली.

"लिहा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"आत्ता त्या बोलल्या ते. जसंच्या तसं."

"ताई, मला कळतंय हो. पण हे सगळं पाइपाचं आहे. यासाठी यात रकानाच नाही."

तिने त्याच्या मांडीवरचा कागद उचलला, उलटा केला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"मागची बाजू सगळी कोरी आहे. आई, पहिल्यापासून सांगा."