ओट्याच्या रोखाने

गोल्फ खेळणाऱ्या साहेबांचा चेंडू म्हणजे कुत्र्याचं शेपूट होतं. कसाही मारला, तरी उजवीकडे वळणारच. म्हणून अकरा वर्षं त्यांची बॅग वाहणारा कॅडी पहिल्या फटक्याला त्यांना मुद्दाम डावीकडे नेम धरायला लावायचा. मग चेंडू वळून बरोबर मैदानाच्या मधोमध पडायचा.

डावीकडे कामगारांच्या खोल्या होत्या आणि पहिला ओटा कॅडीचाच होता. आज त्यावर त्याची बायको तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने हाताने "आत जा" असं खुणावलं, तर तिने हसून लेकीचाच हात हलवून दाखवला.

रोजच्यासारखा त्याचा जीव टांगणीला लागला. तरी त्याने साहेबांच्या पायांशी नेमाची काठी मांडली, टोक थेट ओट्याकडे.

फटका बसला. आता वळेल, मग वळेल, म्हणून तो चेंडूकडे बघत राहिला.

"बघितलंस?" साहेब खुशीत म्हणाले. "नव्या कोचने आठवड्यात खोड मोडली माझी. आता चेंडू अगदी नाकासमोर जातो."