सव्वादहाची पनवेल

"ताई, आता तुम्हीच बोला," म्हणत जाफरभाईंनी माइक सोनलच्या हातात दिला. "आमचं ऐकून साहेबांचे कान किटलेत."

खांदेश्वर स्टेशनजवळच्या सोसायटीचा हॉल, शनिवारची दुपार. खुर्चीत रेल्वेचे साहेब, समोर साठ-सत्तर माणसं आणि विषय एकच. नव्या वेळापत्रकात काही गाड्या कमी होणार होत्या. त्यात ऐरोलीहून सव्वादहाला सुटणारी पनवेलही होती. त्यानंतर रात्री थेट गाडी नाही. जाफरभाई प्रवासी संघाचे अध्यक्ष. ते तासभर बोलले होते. साहेब नुसती मान डोलवत होते, म्हणजे पुढे काही होणार नव्हतं.

सोनलने माइक धरला.

तिची नोकरी ऐरोलीला, शिफ्ट दहाला सुटायची. गाडी गेली तर रोज घरी येणं जमणार नव्हतं. कंपनीची गाडी वाशीच्या पुढे येत नाही. तिच्या नवऱ्याला, दिपेशला, डोळ्यांच्या त्रासामुळे रात्री बाइक चालवायला बंदी. नोकरी सोडावी तर फ्लॅटचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. मग उरलं काय, तर ऐरोलीतलं बायकांचं हॉस्टेल. सोमवार ते शुक्रवार तिकडे आणि सुट्टीला घरी.

हे कानावर आल्यापासून तिच्या सासूबाईंनी, पुतळाबाईंनी, हाय खाल्ली होती. भेटेल त्याला सांगत होत्या, "पाच पाच रात्री परक्याच्या घरान? कोन बगील तिला? आमची सून हाय ती, तिला एकटं रावाची सवय नाय."

आणि दिपेशचं तर विचारूच नका. अख्ख्या बिल्डिंगमधल्या बायका त्याचं नाव काढून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. गाडी ऐरोलीहून सुटली की याचा फोन. जुईनगरला पुन्हा. सीवूड्सला पुन्हा. गाडी जरा रखडली की हा स्टेशनच्या जिन्याखाली येरझाऱ्या घालतोय. ती उतरली की तिची बॅग याच्या खांद्यावर, मोबाइल याच्या खिशात. घरापर्यंत चालताना सगळी चौकशी. आज कोण कोण होतं, कोण काय बोललं, डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं. बाकीच्यांच्या नवऱ्यांना बायको कितव्या मजल्यावर काम करते तेसुद्धा माहीत नसतं.

ही सभाही त्यानेच जमवली होती. आठ दिवस दारोदार फिरला. बायकोसाठी एवढं कोण करतं?

"बोल सोनू," तो मागून हळूच म्हणाला. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. "टेन्शन नको घेऊ. मी हाय ना."

सोनलने घसा साफ केला.

"साहेब, गाडी बंद झाली तर मला हॉस्टेलला राहावं लागेल. मी जाऊन बघून आले. छोटी खोली आहे. एक खाट, एक कपाट. कपाटाची किल्ली ज्याची त्याच्याकडे."

बायकांत कुणीतरी चुकचुकलं.

"कामावरून आलं की दारात कुणी वाट बघत नसतं. उशीर का झाला म्हणून विचारत नाही. जेवलं तर जेवलं, नाहीतर तसंच झोपायचं. फोन वाजत नाही. गॅलरीत कितीही वेळ एकटीनं बसून राहा, हाक मारायला कुणी नाही. रात्रभर नाही, साहेब."

सोनलने मागे वळून बघितलं. दिपेशचे डोळे भरून आले होते. तो तिच्याकडेच बघत होता, आणि ते बघून ती रडायला लागली. साधंसुधं नाही, अगदी हुंदके देऊन. माइक चालूच होता. पुतळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. समोरच्या फ्लॅटमधली उझमा पहिल्या रांगेत बसली होती, तीही रडली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"माझी मुलगी बाहेरगावी हॉस्टेलला आहे," ते म्हणाले. "बाई, रडू नका. मी बघतो."

साहेब लोक 'बघतो' म्हणतात तेव्हा काय बघतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण या माणसाने खरोखर बघितलं. पुढच्या आठवड्यात सुधारित वेळापत्रक आलं. बऱ्याच गाड्या गेल्या, पण सव्वादहाची पनवेल राहिली.

रविवारी सकाळी जाफरभाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन बिल्डिंगमध्ये आले. "गाडी ताईंनी वाचवली," म्हणून प्रत्येक मजल्यावर सांगत फिरले. दिपेशला तर काय करू नि काय नको असं झालं होतं. पुतळाबाईंनी सुनेवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

"आता माजी सून कुटं जात नाय," त्या म्हणाल्या.

सोनलने सगळ्यांच्या हातचे पेढे खाल्ले. सगळ्यांशी हसून बोलली. मग पेढे द्यायला म्हणून समोर उझमाकडे गेली.

"उझमा, तुझा फोन दे ना जरा. माझा ह्यांच्याकडे आहे."

उझमाने फोन दिला आणि ती चहा ठेवायला वळली. सोनल किचनच्या बाल्कनीत गेली, तिने दार ओढून घेतलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे उझमाला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, मी सोनल. खोलीसाठी वर्षभर तुम्हाला विचारत होते ना, तीच." तिने दार पुन्हा ओढलं. "ती खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही हो, मॅडम. आता गाडी राहिली. घरी न जायला कारण काय सांगू?"